ढिगाला ताप आला

९ नोव्हेंबर
वही नवी, सवय जुनी. चौतीस वर्षं वॉर्डात दर पाळीच्या शेवटी लिहायचे: खाट क्रमांक, ताप, नाडी, काय दिलं, काय झालं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि लिहावं असा एकही पेशंट हाती नव्हता. आजपासून आहे.

पेशंट म्हणजे आमच्या इमारतीमागचा, पाण्याच्या टाकीजवळचा कोपरा. मोडक्या खुर्च्या, फुटकं बेसिन आणि कोणाला तरी लग्नात मिळालेला नि नको झालेला दिवा, एवढं तिथलं वैभव. सोसायटीचे अध्यक्ष तिथे सिमेंट ओतून स्कूटरी लावणार होते. त्यांना सगळे 'सूचना' म्हणतात, कारण माणूस बोलत नाही, फळ्यावर कागद लावतो. काल सभेत मी उठले आणि म्हटलं, बाग करू. घराघरातला ओला कचरा तिथेच कुजवू, त्याचं खत करू, खतावर भाजी लावू. माझ्या तोंडून हे कसं निघालं, देव जाणे. सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा मीही मागे वळून बघितलं, कोण बोललं म्हणून.

सूचना म्हणाले, "एकतीस जानेवारीपर्यंत मुदत. वास आला, माश्या आल्या, तर दुसऱ्या दिवशी सिमेंट."

अकरा घरांनी हात वर केले. तिसऱ्या मजल्यावरचा हात वर आला नाही. येणार नव्हताच.

खरं सांगायचं तर हा कोपरा गेला, तर मला सकाळी उठायला काही कारण उरत नाही. हे सभेत सांगितलं नाही, इथे लिहिते.

१४ नोव्हेंबर
कोपरा साफ झाला. आमचा वॉचमन, ज्याला सगळे 'शिट्टी' म्हणतात (दिवसभर वाजवतो, तीही बेसूर), त्याने फळांच्या लाकडी पेट्या आणून चौकोन उभा केला. खाली काटक्या, वर सुका पाला, त्यावर अकरा घरांच्या बादल्या. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी बादलीत कापडाच्या चिंध्याही टाकल्या होत्या. म्हणाल्या, "सुती आहेत, कुजतील." मी म्हटलं, "तुम्ही नि मीही कुजू, पण रांगेने."

काम करताना तिसऱ्या मजल्यावरचा पडदा हलला. वरची बघत असणार, कधी माझी फजिती होते म्हणून.

वरची म्हणजे माझी थोरली जाऊ. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघांनी एकाच जिन्यावर घरं घेतली, ती वर, आम्ही तळमजल्यावर. दोघंही गेले. आता त्या तिथे एकट्या, मी इथे एकटी, आणि नऊ वर्षं आमच्यात शब्द नाही. जिन्यात समोरासमोर आलो तर दोघींना एकदम चपलेचा अंगठा नीट करायचा असतो. त्यांचं माहेर शेतातलं. सासूबाई कौतुक करायच्या, थोरलीने फळ सोललं की साल एका लांब सलग पट्टीत निघते, कुठे तुटत नाही. मी सोललं की साल कमी नि गर जास्त जायचा. सासूबाई तेही सांगायच्या, सगळ्यांसमोर.

२३ नोव्हेंबर
सकाळी धुकं इतकं की टाकी दिसेना. बाकावर बसले, डोळा लागला. स्वप्नात माझा जुना वॉर्ड होता, पण खाटांवर गाद्यांऐवजी माती होती, आणि प्रत्येक खाटेवर कोणीतरी हिरवं हिरवं झोपलेलं. मी अनवाणी फिरत होते, एकेकाच्या उशाशी वाकून विचारत होते, झोप लागली का? सगळे म्हणत होते, हो सिस्टर, छान लागली.

जागी झाले तर शिट्टी समोर उभा. "बाई, झोपेत हसत होतात." मी म्हटलं, "तुझी शिट्टी ऐकू येत नव्हती ना, म्हणून."

पालक पेरला, मुळा पेरला. दिवसभर मन त्या स्वप्नातच रेंगाळत होतं.

२ डिसेंबर
फाटकाजवळच्या बेकरीवाल्याने जुना लांब काट्याचा थर्मामीटर दिला. ढिगात खुपसला. ३८ सेल्सिअस! हात लावून बघितलं, कोमट. माझा जीव हरखून गेला. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या काखेत थर्मामीटर धरला, पण असा आनंद कधी झाला नव्हता. मेल्यासारखा वाटणारा कचरा, आणि आत जीव आहे.

६ डिसेंबर
सकाळी ६:१०. ताप ६१.

दोनदा बघितलं, काटा पुसून तिसऱ्यांदा. एकसष्टच. आणि ढिगातून वाफ वर येत होती, थंडीत माणसाच्या श्वासातून येते तशी, हळूहळू, वर जाऊन धुक्यात मिसळत होती. दृश्य इतकं सुंदर की मी दोन मिनिटं नुसती उभी राहिले. मग भानावर आले. माणूस बेचाळीसला जातो, आणि हा एकसष्टला!

वाचनालयातून आणलेल्या पुस्तिकेत "ढीग गरम होतो" असं लिहिलंय खरं. पण गरम म्हणजे किती, याला काही सुमार? पुढची पानं वाचली नाहीत. ताप कसा उतरवायचा ते मला पुस्तिकेने शिकवायचं? ढीग मधोमध उघडला, पसरला, चार बादल्या गार पाणी घातलं. संध्याकाळी ४०. जीव भांड्यात पडला.

१० डिसेंबर
रोज सकाळी थोडा चढतो, रोज मी उतरवते. सकाळी उघडणं, पाणी, दुपारी परत उघडणं, पाणी. वॉर्डात असंच होतं: हट्टी तापाशी आपण त्याहून हट्टी व्हायचं. आज २९. शिट्टी म्हणाला, "बाई, बिचाऱ्याला जरा निवांत राहू द्या की." मी म्हटलं, "तू फाटक बघ."

वरचा पडदा आज दिवसभर बाजूला सारलेला होता. त्या खिडकीत उभ्या होत्या, हाताने काहीतरी खूण केल्यासारखं वाटलं. डास मारत असतील.

१३ डिसेंबर
ताप २४. पेशंट शांत. उपचार यशस्वी.

२० डिसेंबर
वास.

लिहायला हात धजत नाही, पण नोंद म्हणजे नोंद. आंबट, कुबट, गटार तुंबल्यासारखा वास. ढीग उघडला तर आत काळा, चिकट लगदा. माश्या. शिंपीणबाईंनी खिडक्या लावून घेतल्या. पाच घरांनी बादल्या द्यायचं बंद केलं. फळ्यावर कागद: 'मागील कोपऱ्यातील दुर्गंधीबाबत. एकतीस जानेवारीस पाहणी. त्यानंतर कोणतीही सबब ऐकली जाणार नाही.'

कपाळ माझं. ताप उतरवला नि पेशंट गेला.

२४ डिसेंबर
दुपारी खुर्चीत पडल्या पडल्या डोळा लागला नि सासूबाई स्वप्नात आल्या. तपकिरी ब्लँकेट अंगाभोवती घेऊन ढिगाशेजारी बसल्या होत्या, शेकोटीपाशी बसावं तशा. चेहरा तृप्त. उठल्यावर कितीतरी वेळ मला कळेना, हे घर कुठलं, वर्ष कुठलं.

ते ब्लँकेट मीच आणून दिलं होतं त्यांना, वॉर्डातून मोडीत काढलेलं. कोपऱ्यात खाटेचा नंबर होता, लाल दोऱ्याने मी स्वतः घातलेला १७.

लिहूनच टाकते. सासूबाई एक्क्याण्णव वर्षांच्या, थोरल्या सुनेकडे राहायच्या. ताप चढला. माझी रात्रपाळी होती, मी वॉर्डात. सकाळी घरी आले तर सगळं संपलेलं, आणि अंगावर ते ब्लँकेट गळ्यापर्यंत घट्ट खोचलेलं. मी विचारलं, एवढ्या तापात पांघरूण? वरची म्हणाली, "त्यांना हुडहुडी भरली होती गं, सारख्या मागत होत्या, ऊब दे म्हणून." आणि मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हटलं, "ओल्या पट्ट्या ठेवायची अक्कल नाही? पांघरुणात घालून मारलंत त्यांना."

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही नाही. अजून वाटतं की माझं बरोबर होतं. ताप म्हणजे ताप. पांघरूण घालतात का कोणी?

३ जानेवारी
ढिगापुढे हात टेकले. जाऊन नुसती बसते, परत येते. आज सांधे ठणकताहेत, घसा धरलाय. सूचनांनी सिमेंटची पोती मागवली, फाटकाशी रचून ठेवलीत. येता-जाता बघायला लागतात.

संध्याकाळी ताप १०१. माझा.

८ जानेवारी
चार दिवस अंथरुणात. तारखा एकमेकींत वितळून गेल्या. पहाटे पहाटे जिन्यातून पावलं ऐकू यायची. एक पायरी, थांबणं, एक पायरी, थांबणं, गुडघ्यांची तक्रार असलेल्या माणसाची. मग बाहेर कसलीतरी सळसळ, पालापाचोळ्यात कोणी चालावं तशी, नि मग पावलं परत वर, आणखी सावकाश. तापात मला वाटायचं, झाडच उतरून येतंय नि जातंय. पेपरवाला असेल. त्याचेही गुडघे गेले असतील बिचाऱ्याचे.

एकदा दाराशी झाकलेला डबा मिळाला, गरम सूप. शिंपीणबाईंचं असणार. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मी? मला स्वतःपुरतं होत नाही." विनयशील आहेत.

आज काठी घेऊन कोपऱ्यात गेले आणि उभी राहिले ती राहिलेच. ढीग उंच झालाय. चिकट लगदा कोणीतरी मोकळा करून त्यात सुका पाला, भुसा, फाडलेले पुठ्ठे मिसळलेत. वास नाही. म्हणजे आहे, पण मातीचा. आणि सगळ्यावर एक जुनं तपकिरी ब्लँकेट अंथरलंय, कडा खाली दाबून, वर पाला टाकून. काटा खुपसला: ४४.

कडेला ताजी संत्र्याची साल पडली होती. एकच, लांब, सलग, गुंडाळून ठेवलेली. शिट्टीच्या हातात एवढी कला असेल असं वाटलं नव्हतं.

त्याला बोलावून आभार मानले. माणूस लाजून लाल झाला. "मी काही नाही केलं, बाई. फक्त पाला वर उचलून दिला." "कोणाला?" तर म्हणे, "ढिगाला." एवढं करून श्रेय घेत नाही, अशी माणसं राहिली नाहीत.

१२ जानेवारी
सकाळी ५८.

बादली भरून आणली. हात आपोआप जातो, मी काय करू? ब्लँकेट दूर करणार एवढ्यात शिट्टी फाटकापासून पळत आला, पहिल्यांदाच तोंडात शिट्टी नसलेला. "नका बाई! हात लावू नका! तो ताप नाही, ते कामाला लागलंय. तसंच राहू द्यायचं, झाकून. सांगितलंय."

"कोणी सांगितलंय?"

त्याने वर बघितलं, मग खाली, मग टाकीकडे. "मी. मीच सांगतोय."

घरी येऊन पुस्तिकेची राहिलेली पानं वाचली. पान चौदा: 'साठपर्यंतचे तापमान उत्तम लक्षण. ढीग थंडीत झाकून ठेवावा.' चौदाव्या पानावर! पहिल्यावर लिहायला यांना काय झालं होतं?

दुपारभर नुसती बसून राहिले. माझ्या हातांनी मी त्याला गार केलं, रोज, दोन दोनदा, काळजी म्हणून. काळजी खरी होती. तरी लाज वाटतेच.

१९ जानेवारी
सहा दिवस काही केलेलं नाही. इतकं अवघड काम आयुष्यात केलं नव्हतं. सकाळी जाते, काटा बघते, ६०, ५९, ६०, आणि हात मागे बांधून उभी राहते. धुक्यात ब्लँकेटच्या कडेने वाफ निघत असते. तिच्याकडे बघता बघता वेळ कुठे जातो कळत नाही. वाटतं, आत कोणीतरी गाढ झोपलंय आणि मी उशाशी बसलेय, नुसती, काही न देता.

पालकाला चार चार पानं आलीत. बादल्या परत सुरू झाल्या, आता तेरा. दोन कोणाच्या वाढल्या ते शिट्टी सांगत नाही.

३१ जानेवारी
पाहणी.

सूचना आले, हातात कागद, मागे आठ-दहा माणसं. मी म्हटलं, "कागद ठेवा नि हात घाला." ते कचरले. मग बाही सारून कोपरापर्यंत हात आत घातला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. हात बाहेर काढेनात. म्हणाले, "गरम आहे हो!" मग मूठभर माती नाकाशी नेली, डोळे मिटले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आमच्या आईच्या परसात असा वास यायचा." माणूस नऊ वर्षांत इतकं बोलला नव्हता. सिमेंटची पोती फाटकावरून परत गेली. शिंपीणबाई रडल्या, बेकरीवाल्याने पाव वाटले, शिट्टीने शिट्टी वाजवली, तीही सुरात.

सगळे गेल्यावर ब्लँकेट झटकून दोरीवर टाकलं. वाळत घालताना कोपरा उलटा झाला.

लाल दोरा. १७.

मी तिथेच बाकावर बसले. अंधारून येईपर्यंत बसले होते. साल, पावलं, सूप, खिडकीतली ती खूण. डास नव्हते ते. आंधळी होते की काय मी?

नऊ वर्षं त्यांनी ते ब्लँकेट ठेवलं. टाकून दिलं नाही, कोणाला दिलं नाही. आणि बाहेर काढलं ते माझ्यासाठी.

१ फेब्रुवारी
ब्लँकेट घडी करून वर गेले. तीन मजले. प्रत्येक वळणावर थांबले, श्वासासाठी नव्हे. काय बोलायचं ते पाठ केलं होतं.

दार उघडलं. केवढ्या वाळल्यात! हातात सुरी, अर्धं सोललेलं सफरचंद, साल लोंबत होती, न तुटलेली. आणि मी पाठ केलेलं सगळं विसरले.

"ब्लँकेट आणलंय," मी म्हटलं.

"कशाला आणलंस? अजून थंडी आहे, त्याला लागेल."

"पुस्तिकेत लिहिलंय, आता..."

"पुस्तिका!" त्यांनी अशी काही मान उडवली की मला हसू आलं, आणि हसता हसता रडूच आलं. मग सुटतच गेलं. "वहिनी, त्या रात्री पट्ट्या ठेवल्या असत्या तरी काही झालं नसतं. एक्क्याण्णवाव्या वर्षी दोन्ही फुप्फुसं भरलेली. कोणीही वाचवू शकलं नसतं, मी असते तरी नाही. त्यांना थंडी वाजत होती, तुम्ही ऊब दिलीत. तेवढंच करायचं राहिलं होतं नि तेवढं तुम्ही केलंत. मला ते तेव्हाच ठाऊक होतं, स्वतःशीही कबूल केलं नाही. मी नव्हते ना तिथे, म्हणून बोलले. सगळ्या जगाच्या उशाशी होते नि त्यांच्या नव्हते."

त्या सुरी हातात धरून तशाच उभ्या होत्या. साल खाली पडली. मग अगदी हळू म्हणाल्या,

"तुला ठाऊक होतं, धाकटे. मला नव्हतं ना. नऊ वर्षं."

मी त्यांचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी माझ्या हातातून ब्लँकेट काढून घेतलं, झटकलं, आणि माझ्या खांद्यावर टाकलं. मातीचा वास होता त्याला, आणि अजून थोडा कोमट होता, किंवा मला तसं वाटलं.

"आत ये," त्या म्हणाल्या. "दार उघडं राहिलं की गारठा येतो."

४ फेब्रुवारी
सकाळी दोघी उतरलो. एक पायरी, थांबणं, एक पायरी. त्यांनी हात घालून सांगितलं, पन्नासच्या वर. मी काटा घालून बघितला: ५२. म्हणाल्या, "तुझा काटा बरा दिसतोय." शिट्टी फाटकाशी उभा राहून आमच्याकडे बघत नसल्याचं नाटक करत होता.

मग बाकावर बसून राहिलो, वाफ बघत. त्या उठायचं नाव काढत नव्हत्या. मीही नाही.

आज काही दिलं नाही. झाकून ठेवलंय.